सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ शिजेना

बी ५०२, शनिवार, सकाळी ९.२०
नमस्कार. मी फेब्रुवारीपासून बी विंगमधल्या वन आरकेमध्ये राहतोय. मेसच्या डब्यानं पित्त वाढलं म्हणून तो बंद केला आणि पंधरा दिवसांपासून घरीच करतोय. भात जमतो. वरण मात्र काही केल्या होत नाही. काल सात शिट्ट्या घेतल्या. झाकण उघडलं तर खाली अख्खी डाळ आणि वर पिवळं पाणी. आई फोनवर सांगते तस्संच करतो. तिच्याकडे तीन शिट्ट्यांत डाळ एकजीव होते. ओटा साडेतीन फुटांचा, त्यात निम्मं सिंक. शेगडी एकच, इंडक्शनची. नवशिक्यानं सुरुवात कशी करावी, कुणी सांगाल का?

ए १०३
कुकरची रिंग सैल झाली असेल. वाफ बाजूनं जात असेल तर डाळ शिजत नाही.

सी ३०४
आमच्याकडे पोळ्यांना ताई येतात. त्यांना विचारू का तुमच्यासाठी?

बी ५०२
रिंग नवीन आहे काका. ताई, पोळ्या मी सध्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतो. पण वरण-भात तरी मला स्वतःला यायलाच हवा.

ए ४०१
डाळ कुठली आहे बाळा? आणि पाणी कुठलं घेतोस?

बी ५०२
डाळ घरची, लातूरहून आणलेली. पाणी नळाचं. आणि एक टोमॅटो घालतो डाळीतच, म्हणजे वेगळं काही करायला नको.

ए ४०१
मग तुझा हात वाईट नाही, पाणी जड आहे. नीट वाच, जरा मोठं लिहिते.

एप्रिल लागला की आपल्या टाकीत खडकवासल्याचं पाणी कमी आणि टँकरचं नि बोअरचं जास्त असतं. तुझ्या बादलीला आतून पांढरा थर आलाय का बघ. साबणाला फेस येत नसेल तर तेही तेच. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळीचा दाणा ज्या पेक्टिननं आतून बांधलेला असतो ते शिजताना विरघळायला हवं, आणि हे क्षार त्यालाच घट्ट धरून ठेवतात. वर तू टोमॅटो घातलास. आंबट पडलं की डाळ आणखी आखडते. चिंच, आमसूल, टोमॅटो, सगळं डाळ शिजल्यावर. अशा पाण्यात सात काय, दहा शिट्ट्यांनीही फरक पडायचा नाही.

मी लग्न होऊन धायरीत आले तेव्हा विहिरीचं पाणी होतं. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांच्या पानात वरण वाढलं आणि त्यांच्या दाताखाली डाळ आली. मी आत जाऊन रडले होते. दोन महिने मला वाटत होतं, आपल्याला स्वयंपाकच येत नाही. सासूबाई माहेरी जाऊन आल्या, तिथलं नदीचं पाणी कळशीत घेऊन आल्या आणि त्यात डाळ लावून दाखवली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणून तुला आजच सांगतेय. दोन महिने वाया घालवू नकोस.

आज असं कर. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन गरम पाण्यात अर्धा तास भिजव. भिजवायलाही आणि शिजवायलाही पिण्याचंच पाणी घ्यायचं. भिजवलेलं पाणी टाकून दे, डाळ कुकरच्या डब्यात काढ, दीड वाटी पाणी, चिमूट हळद, चिमूट हिंग, तेलाचे चार थेंब. तेलानं फेस कमी येतो, शिट्टीत अडकत नाही. वरच्या डब्यात तांदूळ. कुकरच्या तळाला दीड भांडं पाणी, ते नळाचं चालेल, डाळीला कुठे लागतंय. पहिली शिट्टी झाली की इंडक्शन ५००-६०० वॉटवर आण आणि तिथून बारा मिनिटं घड्याळ लाव. शिट्ट्या मोजत बसू नकोस. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढंच. शिजवतो तो आतला दाब. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, कुकरमध्ये ते १२० पर्यंत चढतं. बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू दे, शिट्टी उचलून सोडायची नाही.

मग घोटून मीठ, सुपारीएवढा गूळ, वरून तूप आणि लिंबू. साधं वरण झालं. आठ दिवस एवढंच कर. फोडणी, आमटी, गोडा मसाला पुढच्या आठवड्यात.

सी ३०४
काकू, आमच्याकडेही उन्हाळ्यात छोले असेच राहतात. मी सोडा घालते.

ए ४०१
सोड्यानं मऊ होतात गं, पण ब १ जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी होते. रोज नको. फिल्टरचं पाणी घेऊन बघ आधी.

बी २०४
५०२, तुमचं इंडक्शन कुठल्या प्लगला लावलंय? २००० वॉटची शेगडी पूर्ण जोरावर साधारण पावणेनऊ अँपिअर घेते. ओट्यावरचा लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. आमच्याकडे मुलानं एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं होतं, रात्री वास आला म्हणून बघितलं तर बोर्डाचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलेलं. वन आरकेमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट फ्रिजमागे दिलाय, तो वापरा. पाहिजे तर संध्याकाळी येऊन बघतो.

बी ५०२
लहान प्लगलाच आहे काका. या प्लीज.

ए १०३
तांदूळ कुठला घेता? आपल्या वरणाला इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं वाण आहे, आंबेमोहरपासून केलेलं. वास तर येतोच, पण चिकट असल्यामुळे नवशिक्याच्या हातून मोकळा झाला नाही तरी वाईट लागत नाही.

बी ५०२
भांडी अजून काय घेऊ? तुळशीबागेत जायचा विचार आहे उद्या.

ए ४०१
जाताना खिशात लोहचुंबक ने. तळाला चिकटलं तरच घे, नाहीतर इंडक्शनवर चालणार नाही. ॲल्युमिनियमचं तर नाहीच. एक जाड बुडाची कढई, एक लहान पातेलं, लोखंडी पळी, मिसळणाचा डबा. बस. सेट घेऊ नकोस, साडेतीन फुटांत ठेवशील कुठे? सिंकवर बसेल एवढी मोठी लाकडी फळी मात्र घे, चिरायला ओट्याचा तेवढाच तुकडा वाढतो. आणि भांडं वापरलं की लगेच विसळ. लहान ओट्यावर पसारा साठला की दुसऱ्या दिवशी करावंसंच वाटत नाही, मुलं तिथेच सोडून देतात.

बी ५०२, रात्री ८.५०
काकू, झालं! जारचं पाणी घेतलं. झाकण उघडलं तेव्हा डाळ वेगळी दिसेचना, चमच्याच्या पाठीनं दोनदा फिरवली आणि झालं वरण. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. २०४ च्या काकांनी प्लगही बदलून दिला. तीनदा वाढून घेतलं. भात जरा उरलाय.

ए ४०१
फार बरं वाटलं रे. उरलेला भात आत्ताच्या आत्ता डब्यात काढून फ्रिजमध्ये टाक. या उकाड्यात रात्रभर बाहेर राहिला तर त्यात जंतू विष तयार करतात, आणि ते सकाळी गरम करूनही जात नाही. उद्या फोडणीचा भात कर. तेल तापलं की आधी एकच मोहरी टाकून बघायची. ती लगेच तडतडली तर बाकीची. मग कांदा, तो गुलाबी झाला की हळद, तिखट. हळद आधी घातलीस तर करपते. भात हातानं मोकळा करून शेवटी.

बी ५०२
मोहरी नाहीये काकू. हळद, हिंग, मीठ एवढंच आहे.

ए ४०१
सातनंतर बेल वाजव, मी उठलेली असते. वाटी घेऊन ये, मोहरी आणि कढीपत्ता दोन्ही देते.