मसल, उंदीर आणि बेटकुळी

तळटीप: मुलांसाठीच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय, एका वाक्यावर अडलेय. 'मसल' हा शब्द लॅटिन 'मुस्कुलुस'वरून आला. अर्थ, छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर हलल्यासारखं दिसतं, म्हणून. आता 'स्नायू' लिहून उंदीर कुठून आणू? 'बेटकुळी' वापरावा म्हणते, पण संपादकांना तो बोलीतला वाटतो.

तालीम: बिनधास्त वापरा! आजोबा रोज संध्याकाळी "काढ बघू बेडकुळी" म्हणायचे. आमच्याकडे बेडकुळीच, बेडकीसारखी टुणकन वर येते ती. रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

वैद्यबुवा: मुळात 'स्नायू'च चूक आहे. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० असे वेगवेगळे मोजलेत. स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर. मसल ती पेशी. आपण पेशी 'सेल'ला देऊन टाकली. हिंदीनं 'मांसपेशी' नीट जपलाय.

तळटीप: पण वैद्यबुवा, शाळेतल्या पोराला पेशी म्हणजे सेलच. "दंडाची पेशी फुगली" वाचून तो काय समजेल?

जुनीवही: बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. आणि लॅटिन 'नेर्वुस'चा जुना अर्थ कंडराच, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर; संस्कृत 'स्नावन्' त्याच कुळातला. शब्द असे सरकतातच. शंभर वर्षं रुळलेल्याला चूक म्हणू नये.

वैद्यबुवा: रुळली म्हणून चूक बरोबर होत नाही.

तालीम: मला तर मसल आणि मुसळ एकच वाटतात. मुसळासारखे दंड म्हणतोच की आपण.

जुनीवही: नाही हो, मुसळाचा संबंध नाही. नातं मूषकाशी. लॅटिन 'मूस', संस्कृत 'मूष्', इंग्रजी 'माउस' ही सख्खी भावंडं. ग्रीकमध्येही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द, 'मायोकार्डियम' म्हणजे हृदयाचा स्नायू, त्यातला 'मायो' तोच. 'मुस्कुलुस'चा 'कुलुस' लहानपणा दाखवतो. बेडकुळीतला '-उळी'ही तसलाच असणार!

खाडीकाठ: खायचे मसल विसरलात. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, मूळ तेच मुस्कुलुस. गोव्यात शिनाणे म्हणतात. मिटलेला काळपट शिंपला बघा, पाठ काढून बसलेला उंदीरच!

तालीम: रवा लावून तळतात तेच ना? साफ कसे करायचे?

खाडीकाठ: वरचे तंतू ओढून काढायचे, मग भरपूर पाण्यात घासायचे.

तळटीप: पान उद्या द्यायचंय. बेटकुळी की बेडकुळी?

तालीम: बेडकुळी.

खाडीकाठ: आम्ही बेटकुळीच म्हणतो.

वैद्यबुवा: पेशी.