गुडघ्याच्या दुखापतीनंतर बास्केटबॉल प्रशिक्षक होता येईल का?

वडाळ्याची गार्ड:
मी महाविद्यालयाच्या संघातून तीन वर्षे गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाल रचणारी खेळाडू) म्हणून खेळले. गेल्या पावसाळ्यात ओल्या सिमेंटच्या कोर्टवर पाय वळला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया झाली आहे, पण आता बँकेच्या परीक्षांना बसावे असा घरचा आग्रह आहे. मला प्रशिक्षक व्हायचे आहे. जी राज्याच्या संघातूनही कधी खेळली नाही, तिच्या हाती कोणी मुले सोपवील का?

निवृत्त क्रीडाशिक्षक, माटुंगा:
अमेरिकी बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट समिट यांची कारकीर्द जरूर वाचा. टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन येथील संघातून खेळताना शेवटच्या वर्षी त्यांचाही गुडघा असाच गेला होता. त्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्या याच विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील संघात साहाय्यक म्हणून जायच्या होत्या. मुख्य प्रशिक्षक सोडून गेल्यामुळे अख्खा संघ बाविसाव्या वर्षी त्यांच्यावर आला. महिना २५० डॉलर मिळत, गणवेश त्या स्वतः धूत, आणि काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान होत्या. पहिला सामना संघ एका गुणाने हरला. मात्र त्यांनी स्वतःचा सराव थांबवला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते: १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचे बास्केटबॉल प्रथमच आले, तेव्हा रौप्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात त्या होत्या, आणि १९८४ मध्ये त्यांनीच प्रशिक्षक म्हणून सुवर्णपदक मिळवून दिले. विद्यापीठाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८७ मध्ये मिळाले. ३८ हंगामांनंतर निवृत्त होताना आठ विजेतेपदे आणि १,०९८ विजय त्यांच्या नावावर होते.

नागपाड्याचा कोच:
सरांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु आपल्याकडे महाविद्यालयातून थेट पगारी पद मिळणे कठीण असते. बहुतेकांची सुरुवात शाळेच्या सकाळच्या बॅचपासून, तीही कंत्राटावर होते. त्यासोबत पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा आणि पुढे पदविकेचा विचार करावा. तुमची दुखापत येथे उपयोगी पडेल. रिबाउंडनंतर, म्हणजे बास्केटवरून परतलेला चेंडू उडी मारून पकडल्यावर, खाली उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, हे अनेक प्रशिक्षक मुलींना शिकवतच नाहीत. तुम्ही ते पहिल्या दिवसापासून शिकवाल. भारताचे माजी कर्णधार अब्बास मुंतसीर यांच्यासारखा खेळाडू ज्या नागपाड्याने घडवला, तेथे रविवारी सकाळी या. बारा वर्षांखालील मुलींना लेअप (धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकणे) शिकवायला मला माणूस हवे आहे.

वडाळ्याची गार्ड:
दोघांचेही मनापासून आभार. फिजिओथेरपिस्टने उभे राहून शिकवायला परवानगी दिली आहे. रविवारी किती वाजता येऊ?