पऱ्यात चढणीचे मासे येईनासे झालेत, सुरुवात कुठून करायची?

पऱ्याकाठचा:
नमस्कार मंडळी, गाव संगमेश्वर तालुक्यात. लहानपणी मृगाचा पहिला दणका बसला की रात्री बत्ती घेऊन आजोबांबरोबर पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जायचो, मळये, शिंगट्या असे मासे अंडी घालायला पार भाताच्या खाचरापर्यंत चढून यायचे. आता दोन-तीन वर्षं झाली, काहीच नाही. मागच्या जूनमध्ये मुद्दाम पहाटे जाऊन बसलो तर गावाखालच्या नव्या मोरीपाशी सगळी मासळी अडकलेली, पाईपातून पाणी कमरेएवढ्या उंचीवरून खाली पडतंय आणि बारके मासे उड्या मारून सिमेंटवर आपटून परत डबक्यात, पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी टम्म. बघवेना हो. आम्ही वर श्रमदान करून डोह साफ केला, काठाला करंज, उंबर लावले, पण मासाच नाही. पुढे पऱ्या अजून तीन गावांतून जाऊन नदीला मिळतो. कोणी असं काम केलंय का?

बांधकामवाले काका:
डोह साफ केलात ते चांगलंच, पण मासा खालून वर येतो, म्हणून काम पण नदीच्या तोंडापासून वर करत यायचं. तुमची मोरी सुधारली आणि खालच्या गावात दुसरी तशीच राहिली तर काय उपयोग? मे महिन्यात चारही गावांची दोन-दोन माणसं घेऊन संगमापासून चालत या, प्रत्येक अडथळ्याचा फोटो काढा, पाणी किती उंचीवरून पडतं ते टेपने मोजा. कोल्हापुरी बंधारा असला तर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाआधी काढायचेच असतात, ते खरंच निघतात का ते बघा, बरेचदा गाळात रुतून तसेच राहतात आणि नेमकी चढण हुकते. वनराई बंधाऱ्याची पाणी अडवायला रचलेली पोती पण मृगाआधी उचला. पक्का सिमेंट बांध असेल तर पाडायची भाषा काढूच नका, खालच्या बाजूने दगडांचा उतार रचून घ्या, एक फूट उंचीला निदान वीस फूट लांब, मधे मोठे धोंडे आडवेतिडवे, म्हणजे माशाला आडोशाला दम खाता येतो. मोरीला पण तेच. मात्र ज्या खात्याचं बांधकाम त्यांची लेखी परवानगी आधी, नाहीतर सगळं अडतं.

दूरदेशीची:
मी अमेरिकेत मेन राज्यात असते, इथली पेनॉबस्कॉट नदी म्हणजे काका म्हणतात त्याचंच मोठं रूप. २००४ मध्ये पेनॉबस्कॉट आदिवासी, पर्यावरण संस्था, सरकारी खाती आणि धरणांची मालक वीज कंपनी असा सगळ्यांचा करार झाला. मग खालची दोन धरणं विकत घेऊन २०१२ आणि २०१३ मध्ये काढली, वरच्या एका धरणाला वळसा घालून माशांसाठी ओढाच खणला, आणि वीज कमी पडू नये म्हणून बाकीच्या ठिकाणी निर्मिती वाढवली. काही वर्षांतच हेरिंग लाखोंनी चढायला लागले. कोणाचं काही हिसकावलं नाही म्हणून ते जमलं असं मला मनापासून वाटतं. खालच्या गावांना पहिल्याच बैठकीत विचारा, तुमचं पाणी कमी न होता काय करता येईल?

महाडकर:
आमच्याकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, एवढाले महाशीर हातभर अंतरावर येतात. मोरी सुधारल्यावर पुढचा प्रश्न तोच, मासा चढला आणि वर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली की संपलं सगळं. विष आणि सुरुंग लावून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, पण गावाने ठरवलं तरच ती पाळली जाते. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, चारही गावांच्या समित्यांनी एकच ठराव करावा: निदान एक डोह राखायचा, आणि चढणीचे पहिले आठ दिवस अरुंद जागी जाळं, खोईन (मासे धरायचा सापळा) काही लावायचं नाही. हे दुसरं जड जातं, माहितीये, चढणीच्या माशांची चव आठवली की माणूस ऐकत नाही.

पऱ्याकाठचा:
सगळ्यांचे आभार. काल खालच्या गावातल्या पोलीस पाटलांशी बोललो. म्हणाले, बरगे काढायला माणसंच नसतात, चावीची खोबण गंजलीय. आमची आठ पोरं मेच्या शेवटच्या रविवारी पहार आणि ग्रीस घेऊन जातायत. टेप पण नेतोय, उंची मोजून इथे टाकतो.