पुन्हा: पुन्हा: भाचीचा प्रवेश – मेजर थिअरी की सी प्लस प्लस?

मंडळी, घाईत लिहितोय. शुक्रवारपर्यंत विद्यापीठाला कळवायचंय. भाचीला मॅथेमॅटिकल फायनान्सच्या एमएस्सीला जागा मिळालीय, पण सशर्त. इंजिनिअरिंगमुळे कॅल्क्युलस भरपूर, रिअल अ‍ॅनालिसिस शून्य. सुट्टीचे आठ आठवडे आहेत आणि पूरक कोर्स एकच घेता येतो. मेजर थिअरी (measure theory, म्हणजे संभाव्यतेच्या पायाशी असलेलं मोजमापाचं गणित) की सी प्लस प्लस प्रोग्रॅमिंग, कुठला घेऊ दे? मागच्यासारख्या चाळीस मेल नकोत.
– मामा

---

सी प्लस प्लस. विषय संपला. आयुष्य बँकेत गेलं, मेजर थिअरीतला सिग्मा-अल्जेब्रा कुणी विचारला नाही. ऑप्शनची किंमत काढायची म्हणजे भाव चढायची शक्यता किती ते बघायचं नि सरासरी काढायची.
– खजिनदार

---

खजिनदारकाका, नेमकं तिथेच चुकताय. शेअर आज 100. उद्या 120 किंवा 90. व्याज शून्य धरा. कॉल ऑप्शन आहे, म्हणजे उद्या शेअर 100 ला विकत घ्यायचा हक्क. तुमच्या मते चढायची शक्यता 70 टक्के, म्हणून किंमत 20 चे 70 टक्के म्हणजे 14, बरोबर? तर मी तो तुम्हाला 14 ला विकते. 60 उसने काढते, त्यात 6.67 घालून दोन-तृतीयांश शेअर घेते. भाव 120 झाला तर माझे शेअर 80 चे, 60 फेडले, 20 तुम्हाला दिले. 90 झाला तर शेअर 60 चे, कर्ज फिटलं, तुम्हाला काही देणं नाही. दोन्हीकडे माझे 7.33 सुटतात. म्हणजे किंमत 6.67 च, आणि तुमचे 70 टक्के हिशेबात आलेच नाहीत! आली ती एक-तृतीयांश शक्यता (20 चा एक-तृतीयांश 6.67), तीही खोटी, फक्त किंमत काढण्यापुरती. खऱ्या शक्यतांवरून या खोट्यांवर जाणं म्हणजेच मेजर (शक्यतांचं माप) बदलणं. भाव सतत हलत असेल तर त्यासाठी गिरसानोव्हचं प्रमेय लागतं.
– सांख्यिकीवाली ताई

---

ताई, हे तर बायनॉमियल ट्री. कॉक्स, रॉस, रुबिनस्टाइन, 1979. शाळकरी पोरालाही जमेल. यात मेजर थिअरी कुठे आली? (आणि 70 टक्के मी म्हटलंच नव्हतं.)
– खजिनदार

---

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण 1900 सालचा फ्रेंच गणिती बाशलिए कुणालाच कसा आठवला नाही? ब्राउनियन गतीवर (यादृच्छिक हालचालीच्या गणितावर) आइन्स्टाइनच्या पाच वर्षं आधी प्रबंध, परीक्षक प्वांकारे. त्याच्या मॉडेलमध्ये भाव ऋण होऊ शकतो म्हणून पुढे लोकांनी नाकं मुरडली. मग 20 एप्रिल 2020 ला अमेरिकन कच्च्या तेलाचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. नेहमीच्या मॉडेलला भावाचा लॉगरिदम लागतो, ऋण संख्येचा कुठून आणणार? त्याच आठवड्यात एक्स्चेंजने तेलाच्या ऑप्शनसाठी बाशलिएचं मॉडेल वापरायला घेतलं. बाय द वे, मार्टिंगेलला (ज्याची पुढची अपेक्षित किंमत आजच्याइतकीच असते, अशा प्रक्रियेला) मराठी शब्द आहे का कुणाकडे?
– ग्रंथालयवाले

---

अभ्यासाचे प्रश्न शिक्षण समितीच्या यादीवर टाकावेत, हे गेल्या सर्वसाधारण सभेत ठरलं आहे. मार्टिंगेलचंही.
– सचिव

---

मामा, मी गेल्या वर्षीच अशा एमएस्सीतून बाहेर पडलो. आमच्याकडे प्रोग्रॅमिंग पहिल्या दिवसापासून शिकवलं, चुकलं की कंपायलर सांगायचा. मेजर थिअरी मात्र ‘येत असेलच’ म्हणून सोडून दिली. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर कंडिशनल एक्स्पेक्टेशन (काही माहिती हाती असताना काढलेली सरासरी) आलं, ते संख्या नसून स्वतःच यादृच्छिक चल असतं हे कळायला मला दिवाळखोर व्हायची वेळ आली. (गुणांच्या बाबतीत.) सगळी मेजर थिअरी लागत नाही. लेबेग इंटिग्रल, डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स, राडोन-निकोडिम एवढे भाग पक्के करू दे. मोजता न येणारे संच खुशाल सोडू दे. आणि इटोच्या सूत्रात (यादृच्छिक हालचालीच्या कॅल्क्युलसमधल्या) टेलर श्रेणीतलं दुसऱ्या घाताचं पद का उरतं, ते एकदा हाताने करून बघू दे.
– धाकटा

---

ठरलं, मेजर थिअरी. ताईंचं उदाहरण भाचीला पाठवलं. तिचा उलट प्रश्न: उद्या 120, 100 किंवा 90 अशा तीन शक्यता असतील तर?
– मामा

---

तीन अज्ञात (खोट्या शक्यता) आणि समीकरणं दोनच (बेरीज 1, सरासरी भाव 100). मग कुठलीही एक किंमत बसत नाही. मला 0 ते 6.67 यांच्या मधलं काहीही चालतंय असं दिसतंय. ताई, कुठे चुकलो ते सांगा. सचिव, हे दुसऱ्या यादीवर टाकणार नाही.
– खजिनदार