गिरनारला रोपवेने जाऊन आईला दत्तपादुकांचं दर्शन होईल का?

साताऱ्याची_लेक:

नमस्कार मंडळी. आई ६९ वर्षांची, बाबा ७५. आईच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. सपाटीवर अर्धा तास चालते, पण जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी. बाबांची बायपास झाली आहे, आता तब्येत चांगली आहे.

आई दर मार्गशीर्षात दत्तजयंतीचा सप्ताह धरते, गुरुचरित्राचं पारायण करते. उद्यापनाच्या दिवशी नैवेद्य दाखवून झाला की दरवर्षी एकच बोलते, "गिरनारच्या पादुकांवर एकदा डोकं टेकवायचंय." भावाने तिला रोपवेचा व्हिडिओ दाखवला नि घरात तोच विषय सुरू झाला. आईला वाटतंय की पाळण्यात बसलं की थेट दत्तासमोर उतरायचं. तसं आहे का? पुढे चालायचं किती? आणि झारखंडमधल्या देवघर इथल्या त्रिकूट पर्वतावर २०२२ मध्ये रोपवेचा अपघात झाला तो तिने टीव्हीवर पाहिलाय, त्यामुळे थोडी भीतीही आहे. बाबांचं म्हणणं वेगळंच: पायी जमत नसेल तर पायथ्याशी हात जोडावेत, यंत्रात बसून कसलं देवदर्शन. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मताचे पक्के. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पौर्णिमेचा_वारकरी:

ताई, आधी मुख्य उत्तर. रोपवे दत्तापर्यंत जात नाही. तो पायथ्याच्या भवनाथ तळेटीहून अंबाजीच्या टुकापर्यंत (देवीचं मंदिर असलेल्या शिखरापर्यंत) जातो, म्हणजे सुमारे ५,००० पायऱ्या वाचतात. तिथून दत्तशिखर समोर दिसतं, पण वाट सरळ नाही. अंबाजीहून चढून गोरक्षनाथांच्या शिखरावर जायचं, ते गुजरातमधलं सगळ्यात उंच ठिकाण. मग तिथून भरपूर खाली उतरायचं. खाली कमान लागते. एक वाट कमंडलू कुंडाकडे जाते, दुसरी पुन्हा उभी चढून पादुकांकडे. दर्शन झालं की हेच सगळं उलट.

आमच्या गटातले बहुतेक ज्येष्ठ जाताना खुशीत असतात. पाय बोलायला लागतात ते परतताना, गोरक्षनाथांकडे पुन्हा चढताना. पादुका पाहिल्या म्हणजे यात्रा संपली असं मनाने घेतलेलं असतं आणि समोर ती चढण उभी राहते. तुमच्या आईंना उतरणं जड जातं म्हणता, तर हा मधला टप्पा त्यांनी पायी करू नये असंच मी सांगेन. घरी चार जिने चढून होणारा सराव इथे पुरत नाही.

डोली करा. अंबाजीपासून पुढेही डोली मिळते, दर बसणाऱ्याच्या वजनावर ठरतो. जाऊन-येऊन किती, वाटेत थांबणार किती, कमंडलू कुंडाला नेणार का, हे निघण्याआधी स्पष्ट बोलून घ्या. डोलीवाल्यांची घाई करू नका, ती माणसं जिवावर उदार होऊन काम करतात. शिखरावरची जागा फार लहान आहे, डोलीतून उतरून शेवटच्या काही पायऱ्या हाताला धरून न्यावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.

पौर्णिमा टाळा. आम्ही पौर्णिमेला रात्री चढतो, पण रोपवे रात्री चालत नाही आणि दिवसा त्या दिवशी पादुकांसमोर क्षणभरही उभं राहू देत नाहीत. साधा वार निवडा, सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत वर जा. खाली येणारी शेवटची फेरी किती वाजता हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. ती चुकली तर अंबाजीपासून पायथ्यापर्यंत पायऱ्याच.

बाबांच्या मुद्द्याबद्दल. मी पायी जाणारा माणूस आहे आणि शरीर साथ देईल तोवर पायीच जाईन. पण गिरनारवर डोली रोपवेच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि डोलीतून आलेल्या आजीच्या डोळ्यांतलं पाणी पाहिल्यावर तिचं दर्शन कमी दर्जाचं म्हणायची माझी हिंमत नाही. पायी जाण्यात आनंद आहे, तो ज्याला मिळतो त्याने घ्यावा. तो दुसऱ्याच्या वाटेत अट म्हणून टाकू नये.

तारेवरचा_माणूस:

मी रोपवेच्या देखभालीच्या क्षेत्रात आहे, म्हणून आईंच्या भीतीपुरतं लिहितो. गिरनारची व्यवस्था २०२० मध्ये सुरू झाली, ८ आसनी बंद केबिन आहेत. स्थानकात केबिन मुख्य दोरापासून सुटते आणि अगदी मंद चालीने पुढे सरकते, म्हणून चढता-उतरताना उडी मारावी लागत नाही. आईंना आधी बसवा, काठी तुमच्या हातात घ्या.

वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात. लोक तिथे आरडाओरडा करतात, पण तोच नियम तुमचा जीव राखतो. पावसाळ्यात हे फार होतं. त्यामुळे सोमनाथ वगैरे जोडून प्रवास आखत असाल तर गिरनारच्या पायथ्याच्या जुनागढ शहरात एक दिवस मोकळा राखा, म्हणजे पहिल्या दिवशी बंद असला तरी हिरमोड होणार नाही. मध्येच केबिन थांबली तर घाबरू नका; स्थानकात कुणाला तरी केबिनमध्ये चढायला वेळ लागला की बऱ्याचदा चाल थांबवतात.

गोदाकाठची:

लेकी, गिरनारच्या आधी आईंना सप्तशृंगीला घेऊन ये, असं मी म्हणेन. वणीच्या गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. ती हवेत लटकत नाही, डोंगराच्या उतारावर रुळांवरून चालते. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. आईंची भीती तिथे मोडेल. पाचशेच्या आसपास पायऱ्या वाचतात. आणि जगदंबेचं रूप! अठरा हातांची, कड्यातच कोरलेली. २०२२ मध्ये शेंदराचे थर काढल्यावर मूळ मूर्ती प्रकट झाली, ते दर्शन घेताना माझ्या सासूबाई किती तरी वेळ बोलल्याच नाहीत.

फक्त नवरात्र आणि चैत्रोत्सव सोडून या. त्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीला थांबवतात, तिथून एसटीने गडावर. खान्देशातून पायी येणाऱ्यांनी गड फुललेला असतो, बघण्यासारखा सोहळा आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाही.

साताऱ्याची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. सप्तशृंगी दिवाळीनंतर नक्की करतोय. गिरनारला आई डोलीत आणि मी बरोबर पायी, असं ठरतंय. बाबा म्हणतात, "मी तळेटीला थांबतो." त्यांना दिवसभर एकटं ठेवायचं म्हणजे काळजी वाटते.

पौर्णिमेचा_वारकरी:

इतिहासाचे शिक्षक आणि तळेटीला कंटाळतील? जुनागढहून भवनाथला येताना रस्त्यालाच अशोकाचा शिलालेख आहे. त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनचा इ. स. १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आणि स्कंदगुप्ताचाही लेख आहे. वादळाने फुटलेल्या सुदर्शन तलावाची दुरुस्ती कशी केली ते त्यात आहे, आणि तलाव मुळात चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधला हेही. तीन राजवटी एका दगडावर! आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर सगळेच जा, आणि वाटलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा रिक्षाने तिथे सोडा.

आणि त्यांना एकदा विचारून पाहा, अंबाजीपर्यंत तरी वर येतील का म्हणून. आईंची डोली निघताना त्यांनी तिथे असावं असं मला वाटतं. डॉक्टरांना मात्र आधी विचारा, दोघांसाठीही. सकाळची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. वर पाण्याची प्लास्टिकची बाटली नेऊ नका, स्टीलची न्या.