गोल पृष्ठभागाला सपाट रिब जोडताना ती आत रुतवावी की पृष्ठभागापाशीच थांबवावी?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

जळगावात डिप्लोमाच्या मुलांना कॅडचे (संगणकावर वस्तूचे मॉडेल काढण्याचे) प्राथमिक धडे देताना एक प्रश्न दरवर्षी येतो, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे फार ढिलेपणाने दिले जाते असे माझे मत आहे. उदाहरण आपल्या भागातलेच घेऊ. तुषार संचाची उभी नळी धरणारा लहानसा स्टँड काढायचा आहे: खाली सपाट बेस प्लेट, तिच्यावर बाहेरून ४० मि.मी. व्यासाची आणि ३ मि.मी. जाडीच्या भिंतीची पोकळ कॉलर, आणि कॉलरला चार बाजूंनी आधार देणाऱ्या त्रिकोणी रिबा, त्याही ३ मि.मी. जाडीच्या. विद्यार्थी मधल्या प्लेनवर त्रिकोण काढतो, त्याची उभी कड कॉलरच्या अक्षापासून बरोबर २० मि.मी.वर ठेवतो आणि स्केच दोन्ही बाजूंना सारखे एक्स्ट्रूड करतो, म्हणजे त्याला जाडी देतो. पडद्यावर सारे जुळलेले दिसते. प्रत्यक्षात रिबची सपाट कड कॉलरला फक्त मधल्या एका रेषेवर टेकलेली असते आणि दोन्ही कडांशी ०.०५६ मि.मी.ची पाचरीसारखी फट राहते.

ही फट काढायला रिबच्या जाडीचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावे. नेहमीच्या मापांना एवढे पुरते. जाडी ६ मि.मी. केली तर हीच फट ०.२२५ मि.मी. होते, म्हणजे जाडी दुप्पट झाली की फट चौपट होते.

माझे म्हणणे असे की नवशिक्याला पहिल्याच दिवशी रिब कॉलरच्या भिंतीत रुतवायला शिकवावे. रुतवण्याचे माप फटीपेक्षा मोठे आणि भिंतीच्या जाडीपेक्षा लहान असले की झाले. वरच्या उदाहरणात दीड मि.मी. रुतवले तर फट बुजते, रिब बोअरमध्ये (कॉलरच्या आतल्या पोकळीत) डोकावत नाही आणि दोन्ही घन (भरीव आकार) निर्विवादपणे एक होतात. रिब कुठे थांबवायची ते प्रोग्रॅमवरच सोपवणारा ‘पृष्ठभागापर्यंत’ हा पर्याय त्यानंतर शिकवावा.

पारोळेकर

सर, फटीचे गणित मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. दीड मि.मी. हे माप कुठून आले, हे सहा महिन्यांनी मॉडेल उघडणाऱ्याला कसे कळणार? रिबचा हेतू ‘कॉलरपर्यंत जा’ एवढाच असेल, तर मॉडेलमध्येही तेच लिहिलेले असावे. ‘पृष्ठभागापर्यंत’ किंवा ‘पुढच्या घनापर्यंत’ हा पर्याय नेमका त्यासाठीच आहे. सॉलिडवर्क्स आणि फ्यूजन या कॅड प्रोग्रॅममध्ये तर रिबची स्वतंत्र आज्ञाच आहे: एक उघडी तिरकी रेषा काढा, जाडी द्या, आणि पुढचे आज्ञा पाहून घेते. उद्या कोणी भिंत ३ वरून १.२ मि.मी. केली, तर आपली रुतवलेली रिब बोअरमध्ये ०.३ मि.मी. बाहेर येईल, नळी बसणार नाही, आणि पडद्यावर एकही सूचना उमटणार नाही. नवशिक्याला अशी मूक चूक हातात देणे मला पटत नाही.

गिरणाकाठ

पारोळेकर भाऊ, मूक चुकीचा मुद्दा उचललात ते बरे झाले, कारण माझा आक्षेपही तोच आहे. टेकवून ठेवलेली रिब खाली बेस प्लेटला पूर्ण चिकटलेली असते, त्यामुळे कॉलरशी सांधा नीट झालेला नसतानाही सगळे मिळून एकच घन तयार होतो. फ्रीकॅड या कॅड प्रोग्रॅमच्या ०.२१ आवृत्तीपर्यंत एका बॉडीत (एका सुट्या भागात) एकच सलग घन असावा असा नियम होता, पण तो नियमसुद्धा ही चूक पकडू शकत नव्हता. सॉलिडवर्क्स रेषेवर टेकलेल्या रिबला ‘शून्य जाडीची भूमिती’ म्हणून अडवते हे खरे. मात्र विद्यार्थी शतांश मि.मी. अलीकडे थांबला की तेही गप्प बसते. थ्रीडी प्रिंट काढून पाहावे तर प्रुसास्लायसर हा प्रिंटची तयारी करणारा प्रोग्रॅम मूळ सेटिंगवर ०.०९८ मि.मी.पेक्षा लहान चिरा आपोआप बुजवतो, त्यामुळे तुकडा हातात घेऊनही काही कळत नाही. कळते ते थेट फिलेट देताना, म्हणजे सांध्याची कड गोलसर करताना. सांध्याची कड निवडता येत नाही किंवा फिलेट फसते, आणि विद्यार्थी फिलेटची त्रिज्या कमी-जास्त करत बसतो.

दीड मि.मी.बद्दल म्हणाल, तर तो आकडा टाकूच नये. ‘भिंतीची जाडी भागिले दोन’ असे सूत्र लिहावे. भिंत १.२ झाली की रुतवणे आपोआप ०.६ होते आणि फटीपेक्षा ते तरीही दहापट राहते.

यावलकर ताई

दोघांच्याही वादात कामांचा क्रम राहून गेला. बोअर आधी का पाडता? आधी भरीव दंडगोल करा, रिबचे त्रिकोण थेट अक्षापर्यंत नेऊन त्यात बुडवा, सगळे एक करा, आणि बोअर शेवटी आरपार कापा. जे आत जास्त गेले ते बोअर कापताना निघून जाते. फटीचे गणित नको, सूत्र नको, आणि भिंत उद्या कितीही बदला. मी मुलींना हीच पद्धत सांगते आणि रिब जोडताना त्यांचे कधी अडत नाही.

पारोळेकर

ताई, आरपार सरळ बोअर असेल तोवर ही पद्धत उत्तमच आहे. पण कॉलरच्या आत खालून बंद कप्पा असेल, आटे असतील किंवा शेल आज्ञेने पोकळी केली असेल, तर क्रम बदलणे इतके सोपे राहत नाही. शेल रिबच्या नंतर दिले तर ते रिबांनाही आतून पोखरू पाहते.

भुसावळकर

आतापर्यंतची सगळी चर्चा वस्तू एकाच तुकड्यात ओतली किंवा छापली जाते असे गृहीत धरून चालली आहे. माझे काम फॅब्रिकेशनचे आहे, आणि आमच्याकडे रिब म्हणजे लेझरवर कापून आलेली गसेट प्लेट, जी पाइपला वेल्डिंगने जोडली जाते. तिथे गिरणाकाठ सरांचा सल्ला सरळ नुकसान करतो. दीड मि.मी. रुतवलेल्या गसेटची डीएक्सएफ फाइल (लेझरला द्यायचा कापाचा आराखडा) काढली की प्लेट दीड मि.मी. लांब कापली जाते. प्रत्यक्षात पाइपच्या भिंतीत ती शिरणार नसते, त्यामुळे वेल्डर एकतर ग्राइंडर मारतो किंवा प्लेट बाहेर सरकवून जोडतो, आणि मग बेसवरची भोके जुळत नाहीत. वजनाच्या तक्त्यात रुतलेला भाग दोनदा मोजला जातो तो वेगळाच, आणि असेंब्लीत टक्कर तपासली की प्रत्येक गसेटपाशी लाल खूण येते.

उलट, तुम्ही ज्या फटीला घाबरता ती आम्हाला चालते. ६० मि.मी. पाइपला १० मि.मी.ची गसेट टेकवली तर कडेची फट ०.४२ मि.मी. येते आणि वेल्ड ती सहज भरून काढतो. सपाट कड सपाटच कापली जाणार, तर मॉडेलमध्येही ती सपाट आणि पाइपला टेकलेलीच दिसली पाहिजे. फक्त ते दोन वेगळे घन असावेत. त्यांना एक करूच नये.

गिरणाकाठ

हा आक्षेप मला या धाग्यातला सर्वांत वजनदार वाटतो, आणि वेल्डिंगच्या कामाला तो पूर्णपणे लागू आहे. माझा सल्ला एकसंध वस्तूपुरता आहे: मोल्डिंग, ओतीव काम, प्रिंट. परंतु यातून पारोळेकरांची बाजू बळकट होते असे मला वाटत नाही. ‘पृष्ठभागापर्यंत’ हा पर्याय वापरला तर गसेटची कड पाइपच्या गोलाईप्रमाणे अंतर्वक्र होते. लेझर उभा कापतो, प्लेटच्या जाडीतली ती गोलाई त्याला कापता येत नाही. म्हणजे भुसावळकरांना हवी असलेली सपाट कड त्या पर्यायातूनही मिळत नाही.

शहादेकर

प्लास्टिक मोल्डच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो. पहिली, ३ मि.मी.च्या भिंतीला ३ मि.मी.ची रिब हे उदाहरणच मला खटकले. रिबची जाडी भिंतीच्या साधारण ५० ते ६० टक्के ठेवतात. तशी ठेवली नाही तर रिबमागच्या भिंतीवर सिंक मार्क (खळगा) येतो, आणि इथे ती भिंत म्हणजे नेमकी नळी बसण्याची आतली बाजू. रिब १.८ मि.मी. केली की फटही ०.०२ मि.मी.वर येते.

दुसरी गोष्ट ड्राफ्टची, म्हणजे बाजूंना दिलेल्या किंचित उताराची. मोल्डमधून सुटावी म्हणून रिबला दर बाजूला अर्धा ते एक अंश ड्राफ्ट देतात, त्यामुळे ती बुडाशी जाड आणि वर पातळ होते. अर्थात फटही उंचीनुसार बदलते. रुतवायचेच असेल तर हिशेब बुडाच्या जाडीवरून करावा. क्रम म्हणाल तर आधी ड्राफ्ट, मग सगळे एक करणे आणि फिलेट सर्वांत शेवटी. फिलेट आधी देऊन नंतर ड्राफ्ट लावू पाहणाऱ्यांची मॉडेले आमच्याकडे रोज येतात आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने काढणे स्वस्त पडते.

चोपड्याचा विद्यार्थी

सर्वांचे वाचले. माझी अडचण थोडी वेगळी आहे. माझ्याकडे कॉलर स्टेप फाइलमधून (कॅड प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीच्या फाइलमधून) आलेली आहे, तिला इतिहासच नाही, म्हणजे ती कोणत्या टप्प्यांनी काढली याची नोंद नाही, त्यामुळे ताईंनी सांगितलेला क्रम लावता येत नाही. मी फ्रीकॅड वापरतो आणि त्याच्या पार्ट डिझाइनमध्ये रिबची स्वतंत्र आज्ञा नाही. पॅडमध्ये (स्केचला जाडी देणाऱ्या आज्ञेत) ‘फेसपर्यंत’, म्हणजे निवडलेल्या पृष्ठभागापर्यंत, असे निवडले तर रिबचा अर्धाच भाग नीट होतो किंवा आज्ञा फसते. असे का होत असेल?

पारोळेकर

आयात केलेल्या फाइलीत दंडगोलाचा पृष्ठभाग पुष्कळदा दोन अर्ध्या तुकड्यांत येतो. तुमची रिब बहुधा त्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर आली आहे आणि तुम्ही एकच तुकडा निवडलेला आहे. फ्रीकॅडच्या २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या १.० आवृत्तीत पॅडला ‘आकारापर्यंत’ असा पर्याय आहे. त्यात दोन्ही फेस निवडून पाहा.

गिरणाकाठ

किंवा कॉलरचा छेद घेऊन भिंतीची जाडी मोजा आणि रिब तिच्या निम्मी आत न्या. फेस दोन असोत की चार, त्याने फरक पडत नाही.

यावलकर ताई

आणि मूळ फाइलमध्ये बोअर आरपार असेल, तर रिब जोडल्यावर त्याच व्यासाचा बोअर पुन्हा एकदा कापून घ्या. इतिहास नसला तरी शेवटचा काप तुमच्याच हातात आहे.