हौशी ग्रुपमधले ॲडमिन-मेंबर खटके: तुमचे अनुभव लिहा

राजेहो, पक्ष्यांचा ग्रुप, पटाचा (बैलजोड्यांच्या शर्यतीचा) ग्रुप, भजनाचा, परसबागेचा, आमच्या तालुक्यात आता माणसागणिक एक ग्रुप अन् ग्रुपागणिक एक भांडण झालंय. तुमच्याकडं ॲडमिन अन् मेंबरचं कशावरून वाजलं ते लिहा. दोन्हीकडच्यांनी लिहा. माणसाचं नाव नको, ग्रुपचं नको, इथं आणखी एक भांडण नको.

गोंदियाकडून

आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा ग्रुप. राज्यात उरलेसुरले सारस बहुतेक आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळं लोकं जपतात. पावसाळ्यात सारस धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुधा दोन अंडी, अन् महिनाभर नर-मादी पाळीपाळीनं बसतात. म्हणून नियम होता, घरट्याचा फोटो नाही, लोकेशन तर अजिबात नाही. नियम चांगलाच होता. एका नवीन पोरानं मोबाईलवरचा धूसर फोटो टाकला, त्याले सगळ्यांसमोर झापलं, फोटो उडवला, पोरगं सॉरी सॉरी म्हणत राह्यलं. काही दिवसांनी ॲडमिनचा स्वतःचा फोटो आला, मोठ्या लेन्सचा, सारस उभा, पायाशी पिल्लू, पिल्लाच्या पाठीवरचे पाण्याचे थेंब मोजून घ्या इतका साफ. खाली वाहवा सुरू. मी लिहिलं, दादा हे पिल्लू घरट्यातलंच ना? तर म्हणे "अभ्यासासाठी काढला." मी म्हटलं, पोराचाही अभ्यासच होता. झालं, ग्रुपची सेटिंग 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात'. आता बोला. अन् ज्यांची बांधी ते काका तर ग्रुपातच नाहीत, त्यायले कोण विचारते. ते मले बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, कॅमेरेवाले येऊन येऊन धुरा (शेताचा बांध) फोडला, बांधीतलं पाणी पूरं वाहून गेलं.

मी ॲडमिन आहे, शिव्या शेवटी द्या

परसबागेचा ग्रुप चालवतो, गावरान बियाण्यांची देवाणघेवाण. भेद्रं (टमाटे), वाल, दोडका, ज्याच्याकडं जे आहे ते द्या, विक्री नाही. सहा महिने बरं चाललं, मग आमचे मामसासरे आले. रोज सकाळी कोकोपीटच्या थैल्यांचा रेट, खाली त्यांचा नंबर, संध्याकाळी परत तेच. दोनदा वेगळा फोन करून सांगितलं, मामाजी इथं जाहिरात चालत नाही. "हो जावईबापू" म्हणायचे अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा थैल्या. बाकीचे मेंबर मले टोमणे मारायले लागले की सासरवाडीले सूट आहे काय. शेवटी डिलीट केलं. आता ॲडमिननं डिलीट केलं की तिथं नाव दिसते कोणी केलं ते, हे ज्यानं काढलं त्याले मामसासरा नसावा. पुढं साळीच्या साक्षगंधात मामाजींनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

अन् ते 'ॲडमिनवर केस होते' म्हणून भेवाडणारे प्रत्येक ग्रुपात असतात. आमच्याच भागातली गोष्ट आहे, गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर 2016 मध्ये गुन्हा दाखल झाला होता, मेंबरनं एका बाईबद्दल घाण लिहिलं अन् यानं त्याले काढलं नाही म्हणून. 2021 मध्ये नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. दोघांचा मिळून आधीच ठरलेला डाव असल्याचं दिसत नसेल तर मेंबरच्या पोस्टसाठी ॲडमिनले धरता येत नाही, असं सांगितलं. हे मी पिन करून ठेवलंय, वाचत कोणी नाही. मामसासऱ्याच्या बाबतीत कोर्टानं काही सांगितलं नाही.

साकोलीकडचा, पटाचा नाद

शंकरपट 2014 ले बंद झाला, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी भेटली, अन् मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं कायदा कायम केला. एवढी वर्षं वाट पाहिलेली लोकं आहेत इथं, त्यामुळं ग्रुपवर सगळे हळवे. जोडीले मारायचं नाही ही अट आहे. एकानं व्हिडिओ टाकला, त्यात धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, तुतारी (टोकदार काठी) टोचताना साफ दिसते. ॲडमिननं दोन मिनिटांत उडवला, टाकणाऱ्याले काढलं, अन् लिहिलं, असे व्हिडिओ बाहेर गेले तर पुन्हा पट बंद पडन. मी विचारलं, बावा, टाकणाऱ्याले काढलं, टोचणाऱ्याचं काय? तो अजूनही ग्रुपात आहे, रोज जोडीचे फोटो टाकते. यावर अर्धा ग्रुप माझ्यावर उलटला, मी पटाचा दुश्मन झालो म्हणे, माझ्या आज्याची जोडी पळत होती तरी. ॲडमिनचं भेव खोटं नाही हे मलेही समजते. पण व्हिडिओ लपवून बैलाचं काय भलं झालं ते कोणी सांगितलं नाही.

मोर्शीहून

खंजिरी भजनाचा ग्रुप. सिनेमाच्या चालीवर भजन चालते का, यावर एवढं पेटलं की दोघं ॲडमिन एकमेकांले रिमूव्ह करून मोकळे. आता दोन ग्रुप. माणसं तीच, गुड मॉर्निंगचे फोटो डबल.

बुलढाणा, खेड्यातून

2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा बुद्धिबळ वर्ल्डकप जिंकला अन् आमच्या गावातही बुद्धिबळाचा ग्रुप निघाला, रोज रात्री ऑनलाईन डाव. माझा पुतण्या बारा वर्षांचा, लय जोरात खेळते. ॲडमिननं त्याले काढलं, म्हणे हा दुसऱ्या मोबाईलवर इंजिन (चाल सांगणारं सॉफ्टवेअर) लावते. पुरावा काय तर "मी त्याच्याशी लागोपाठ हरलो." मी म्हटलं समोरासमोर बसवा, पारावर, मोबाईल न्या काढून. नाही म्हणे, ॲडमिनचा निर्णय अंतिम. मीही दोन शब्द जास्त बोललो अन् निघालो ग्रुपातून.

आता गंमत अशी की हा ॲडमिन गावात मोटर भरून देते, दुसरा माणूस नाही. ऐन हरभऱ्याच्या पाण्यात माझी विहिरीवरची मोटर जळली. गेलो मुकाट्यानं. त्यानं वाइंडिंग पाहिलं, जळकी तार कापून काढली, उद्या दुपारी न्या म्हणला. चहा सांगितला. ग्रुपचा विषय त्यानंही नाही काढला, मीही नाही. पैसे बरोबर घेतले, मोटर मस्त चालू आहे. त्याच रात्री पाहतो तर मले न विचारता पुन्हा ॲड केलेलं, पुतण्याले नाही. पुतण्या म्हणते काका, तुमच्या मोबाईलवरून मी खेळू का त्याच्याशी.

दिला मोबाईल.